लेकीची पाठ एकदा बघा

मायबहिणींनो, दर वेळी आम्ही आधी आजाराचे नाव सांगतो आणि मग त्याची लक्षणे. आज उलटे करू. आधी एका कुडत्याची गोष्ट ऐका.

आमच्या वस्तीत एक ताई शिवणकाम करतात. शाळेचे गणवेश, ब्लाउज, पंजाबी ड्रेस. नवरा सफाई कामगार. थोरली मुलगी तेव्हा बारा वर्षांची, सातवीत. जूनमध्ये तिचा नवा गणवेश शिवून झाला, अंगात घालून बघितला, तर कुडत्याची उजवी बाजू वर उचललेली. ताईंना वाटले, कापताना चूक झाली. उसवला, पुन्हा शिवला. तरी तेच. वीस वर्षे मशीन चालवणारी बाई. स्वतःच्याच लेकीचे कुडते जमेना म्हणून तिला लाज वाटली.

एक दिवस सहज त्या आम्हाला म्हणाल्या, "भाऊ, पोरगी उभीच वाकडी राहते की काय, कोण जाणे." आम्ही काय उत्तर दिले? "दप्तर एका खांद्यावर लटकवते ना, म्हणून. दोन्ही खांद्यांवर घ्यायला सांगा. ताठ बसायला सांगा." दर आठवड्याला या पानावर लोकांना शहाणपण सांगणारे आम्ही, मुलीची पाठ न बघता निकाल देऊन मोकळे झालो.

पुढे दीड वर्ष त्या मुलीने या एका वाक्याची बोलणी खाल्ली. बाप म्हणे ताठ बस. वर्गशिक्षिका म्हणत पोक काढू नको. आजी पाठीत धपाटा घाली. पोरगी तर तिच्या परीने ताठच बसत होती. मग घरात कुणाचे तरी लग्न निघाले, ताईंनी तिच्यासाठी पहिला ब्लाउज कापला आणि पाठीचे माप घेताना त्यांचा हात थांबला. उजव्या खांद्याचे फावड्यासारखे हाड वर आलेले आणि डावीकडची कंबर आत गेलेली. सरकारी रुग्णालयात उभे करून पूर्ण पाठीचा फोटो काढला. कण्याला उजवीकडे ४२ अंशांचा बाक निघाला.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "हिची पाळी कधी सुरू झाली?" दहा महिने झाले होते. डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "दीड वर्ष आधी आणली असती, तर पट्ट्यावर भागायची शक्यता बरीच होती." आम्ही सोबत गेलो होतो. ते वाक्य ताईंना उद्देशून होते, पण लागले आम्हाला. म्हणून आजचे हे लिहिणे.

आता नाव सांगतो. याला डॉक्टर स्कोलिओसिस म्हणतात. समोरून किंवा मागून बघितले तर निरोगी माणसाचा कणा ओळंब्याच्या दोरीसारखा सरळ दिसतो. तो बाजूला वळून त्याचा इंग्रजी एस किंवा सी या अक्षरासारखा आकार होतो, तो हा विकार. किती वळला हे फोटोवर कोन आखून मोजतात. ही मोजणी कॉब नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ मध्ये घालून दिली आणि आजही जगभर तीच चालते. १० अंशांच्या आत असेल तर त्याला आजार म्हणत नाहीत. थोडाफार बाक पुष्कळांना असतो. पण आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. कणा नुसता बाजूला झुकत नाही, तो स्वतःभोवती फिरतोही. ओला टॉवेल पिळताना जसा पीळ बसतो, तसा. मणक्यांना बरगड्या जोडलेल्या असतात, त्याही सोबत फिरतात आणि पाठीची एक बाजू उंच होते. लोक ज्याला कूबड म्हणतात ते पुष्कळदा असे वर आलेल्या बरगड्यांचे असते.

कारण काय? ताईंच्या सासूबाईंनी कारण लगेच शोधून काढले. "ही पोटुशी असताना ग्रहणात मशीन चालवीत होती. सुई बंद ठेव म्हटले होते, ऐकले नाही." तेरा वर्षांपूर्वीचे ग्रहण! सुनेच्या डोळ्यांत पाणी आले. मुलीचे दुखणे बाजूला राहिले आणि आईच आरोपी झाली. आपल्या घरांतूनही हे बोलले जाते, म्हणून याचा हिशेब नीट मांडू.

गर्भातल्या बाळाचे मणके साधारण चौथ्या ते सहाव्या आठवड्यात घडतात. त्या वेळी कित्येक बायांना आपल्याला दिवस गेलेत हे कळलेलेही नसते. या घडणीत कधी कधी गडबड होते. एखादा मणका अर्धाच तयार होतो, पाचरीसारखा. किंवा शेजारचे दोन मणके एका बाजूने सुटे न होता चिकटून राहतात. मग एक बाजू वाढते, दुसरी वाढत नाही, आणि मूल मोठे होईल तसा कणा वळत जातो. हा झाला जन्मजात प्रकार. साधारण हजार जन्मांत एखादे मूल असे असते. आईला मधुमेह असेल तर जोखीम थोडी वाढते, पण बऱ्याच वेळा कुठलेच एक कारण दाखवता येत नाही. सातव्या महिन्यातले ग्रहण चौथ्या आठवड्यात घडून गेलेला मणका कसा कापणार? आणि ताईंच्या मुलीचे तर सगळे मणके घडणीने नीट होते. तिचा बाक अकराव्या-बाराव्या वर्षी आला. सासूबाईंना आम्ही हे दोनदा समजावले. त्यांना पटले की नाही ठाऊक नाही, पण त्यानंतर त्यांनी सुनेला बोल लावला नाही.

जन्मजात प्रकारात आईबापांनी एक गोष्ट विसरू नये. कण्याबरोबर त्याच दिवसांत मूत्रपिंड आणि हृदयही घडत असते, म्हणून अशा मुलाची पोटाची सोनोग्राफी आणि हृदयाची तपासणी करून घ्यावी लागते. डॉक्टर पाठीसाठी गेलेल्या मुलाला पोटाची तपासणी लिहून देतात तेव्हा "पैसे काढायला लावतात" असे म्हणून ती टाळू नका.

दुसरा प्रकार मज्जातंतूंच्या किंवा स्नायूंच्या दुबळेपणातून येणारा. कणा म्हणजे तंबूचा खांब आणि स्नायू म्हणजे त्याला ताणून धरणाऱ्या दोऱ्या. एका बाजूच्या दोऱ्या सैल पडल्या की खांब कलतो. सेरेब्रल पाल्सी झालेली मुले, स्नायू हळूहळू झिजण्याचा आजार असलेली मुले, पाठीवर उघडी गाठ घेऊन जन्मलेली मुले, यांच्यात असा बाक दिसतो. एके काळी पोलिओ हे याचे मोठे कारण होते. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात पॉल हॅरिंग्टन या डॉक्टरांनी कण्यात धातूची सळई बसवण्याची शस्त्रक्रिया १९५० नंतरच्या दशकात सुरू केली, तीही पोलिओने वाकलेल्या मुलांसाठीच. आपल्याकडे पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात सापडला आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. दोन थेंबांच्या त्या रविवारांनी किती कणे वाचवले असतील! पाठीवरच्या उघड्या गाठीबाबतही आईच्या हाती थोडे आहे: दिवस जाण्याआधीपासून फॉलिक ॲसिडची गोळी घेतली तर हे व्यंग पुष्कळ प्रमाणात टळते. गोळी सरकारी केंद्रात फुकट मिळते. तिसऱ्या महिन्यात नाव नोंदवल्यावर ती सुरू करणे म्हणजे उशीर झालेला असतो.

काही बाक खोटे असतात. एक पाय आखूड असला की कंबर कलते आणि कणा तोल सांभाळायला वळतो. अशा मुलाला स्टुलावर बसवा, बाक नाहीसा होतो. आखूड पायाच्या चपलेला जाड तळ लावला की पुष्कळदा काम भागते. कमरेत उसण भरली, गादी सरकली तर मोठा माणूसही एका अंगाला कलून चालतो. दुखणे गेले की तोही सरळ होतो. पन्नाशी-साठीनंतर मणक्यांमधल्या गाद्या आणि सांधे एका बाजूने जास्त झिजून बाक येतो तो निराळा. त्यात कंबर दुखते, चालताना पायांत मुंग्या येतात, बसले की बरे वाटते.

आणि एक सावधानता. आपल्या वस्त्यांत कण्याचा क्षयरोग अजून आहे. त्यात कणा बहुतेक वेळा पुढे झुकतो आणि पाठीच्या मध्यावर टोकदार उंचवटा येतो. रात्री पाठ दुखते, संध्याकाळी कणकण येते, वजन उतरते, पाय लटपटतात. हे स्कोलिओसिस समजून घरी बसू नका. क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि वेळेवर घेतली तर पाय वाचतात.

पण हे सगळे प्रकार एकत्र केले तरी ते थोडे. दहांपैकी जवळपास आठ मुलांमध्ये यातले काहीच सापडत नाही. मणके नीट घडलेले, स्नायू धड, पाय सारखे, आणि तरी कणा वळतो. याला डॉक्टर इडिओपॅथिक म्हणतात. म्हणजे कारण ठाऊक नाही. (डॉक्टरांनाही "माहीत नाही" म्हणायला मोठा शब्द लागतो, हे पाहून आम्हाला जरा बरे वाटले.) एवढे मात्र कळले आहे की यात घराण्याचा वाटा असतो. आईला, बहिणीला असेल तर मुलीला असण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त. अगदी सारख्या दिसणाऱ्या जुळ्यांपैकी एकीला असेल तर दुसरीलाही असण्याचे प्रमाण बरेच मोठे. एकच एक दोषी गुणसूत्र नाही. अनेक बारीक गोष्टी मिळून हे होते. दप्तराने होत नाही. पोक काढून बसल्याने होत नाही. एका कुशीवर झोपल्याने होत नाही. जड दप्तराने पाठ दुखते हे खरे, आणि दप्तर मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जड नसावे असे केंद्र सरकारच्या २०२० च्या धोरणातही लिहिले आहे. पण दुखणे वेगळे आणि हा बाक वेगळा. आमची चूक तिथेच झाली.

हा प्रकार तान्ह्या बाळापासून कोणत्याही वयात सुरू होऊ शकतो, पण बहुतेकांत तो दहा ते सोळा वर्षांच्या दरम्यान दिसतो. शंभर मुलांत दोघा-तिघांना. लहान बाक मुलामुलींत सारखाच आढळतो, पण वाढत जाऊन उपचाराची वेळ येते ती मुख्यतः मुलींवर. का, ते अजून नीट उलगडलेले नाही. पाळी येण्याच्या आधीचे वर्ष-दीड वर्ष मुलीची उंची झपाट्याने वाढते. कणा वळायला लागलेला असेल तर तोही त्याच काळात झपाट्याने वळतो. पाळी आल्यानंतर साधारण दोन वर्षांत उंची थांबत येते आणि बाकाचा वेगही मंदावतो. म्हणून डॉक्टरांचा पहिला प्रश्न पाळीचा असतो. तो प्रश्न ऐकून लाजून गप्प बसू नका, आणि मुलीसोबत फक्त बापाला पाठवू नका.

आता खरी अडचण बघा. हा बाक बहुधा दुखत नाही, त्यामुळे मुलगी तक्रार करीत नाही. आणि तो येतो नेमका त्या वयात, जेव्हा आई मुलीला न्हाऊ घालणे सोडते. मुलगी दार लावून कपडे बदलते, ओढणी घेते, अंग चोरते. घरात पाच माणसे, खोली एक, तरी तिची उघडी पाठ वर्षानुवर्षे कुणाच्याच नजरेला पडत नाही. शिवणारी आई नसती, तर ताईंनाही कळले नसते.

तेव्हा एक काम करा. मुलगी दहा वर्षांची झाली की सहा महिन्यांतून एकदा, दार लावून, आईने किंवा मोठ्या बहिणीने तिची पाठ बघावी. आधी नुसते उभे करा. दोन्ही खांदे एका उंचीवर आहेत का? एका बाजूचे फावड्याचे हाड वर आले आहे का? हात सोडल्यावर हात आणि कंबर यांतली फट दोन्हीकडे सारखी आहे का? मग तिला पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, हात जोडून खाली वाकायला सांगा. मागे बसून तिच्या पाठीच्या पातळीवर डोळे आणा. पाठीची एक बाजू टेकडीसारखी वर दिसली तर दवाखान्यात जायचे. विल्यम ॲडम्स या लंडनच्या डॉक्टरांनी १८६५ मध्ये सांगितलेली ही तपासणी आजही तशीच करतात. तिला ना यंत्र लागते ना पैसा. मुलग्यांचीही बघा, पण तेरा-चौदाव्या वर्षी. त्यांची वाढ उशिरा येते. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, हा कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून सुरू झाला. पथक आले की दात-डोळ्यांबरोबर पाठही बघा म्हणून सांगायला पालकांनी लाजू नये.

बाक निघाला म्हणजे आभाळ कोसळले असे नाही. २० ते २५ अंशांच्या आत असेल तर चार-सहा महिन्यांनी फोटो काढून नुसते लक्ष ठेवतात. २५ ते ४० च्या दरम्यान असेल आणि उंची वाढायची बाकी असेल, तर कडक प्लास्टिकचा पट्टा देतात. अमेरिका आणि कॅनडात झालेला एक मोठा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पट्टा वापरणाऱ्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक शस्त्रक्रियेच्या हद्दीपर्यंत गेला नाही. नुसते लक्ष ठेवलेल्यांत हे प्रमाण ४८ टक्के होते. दिवसाला जितके तास जास्त, तितका गुण जास्त. फरक इतका स्पष्ट दिसला की अभ्यास मुदतीआधीच थांबवला. पट्टा कणा सरळ करीत नाही, वाढ रोखतो, हे आधीच समजून घ्या. नाहीतर सहा महिन्यांनी निराश होऊन तो कपाटावर पडतो. शिकलेल्या फिजिओथेरपिस्टकडून खास व्यायाम घेतले तर मदत होते. मालिश करणारा आणि हाडे बसवणारा मात्र हा बाक काढू शकत नाही. तिथे जातात ते महिने परत मिळत नाहीत.

४५-५० अंशांच्या पुढे गेलेला बाक उंची थांबल्यावरही वर्षाला सुमारे एखाद्या अंशाने वाढत राहतो, म्हणून तिथे शस्त्रक्रियेचा विचार करतात. छातीच्या भागातला बाक ७०-८० अंशांच्या पुढे गेला तर फुप्फुसांना जागा अपुरी पडते, दम लागतो. शस्त्रक्रिया मोठी आहे, पण आज त्या वेळी मज्जारज्जूचे काम चालू आहे की नाही हे यंत्रावर सतत बघता येते. खर्चाच्या धास्तीने परत फिरू नका. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते ते विचारा. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, तिथे पट्टे, कुबड्या, कृत्रिम पाय तयार होतात. छातीतला बाक बहुधा उजवीकडे फुगतो. डावीकडे असेल, किंवा रात्री दुखत असेल, पायांची शक्ती कमी वाटत असेल, तर डॉक्टर एमआरआय सांगतात. तो टाळू नये.

आणि लग्न? ताईंनी आम्हाला हा प्रश्न डॉक्टरांच्या खोलीबाहेर पडताच विचारला. अशा बायांना मुले होतात, शस्त्रक्रिया झालेल्यांनाही होतात. पण प्रश्न मुलांचा नव्हताच. वाकड्या पाठीला आपल्या समाजात फार जुना बट्टा आहे. कपटी बाई रंगवायची म्हणून मंथरेला कूबड दिले. इंग्लंडात शेक्सपिअरने तिसऱ्या रिचर्ड राजाला तसेच कुबडा खलनायक केले. हा राजा १४८५ मध्ये लढाईत मेला. २०१२ मध्ये लेस्टर शहरात एका मोटारतळाखाली त्याचा सांगाडा सापडला. हाडे तपासली तर निघाला हाच आजार, कुमारवयात सुरू झालेला. अभ्यासकांनी लिहिले की चांगल्या शिंप्याने शिवलेल्या कपड्यांत त्याचा बाक फारसा दिसलाही नसता. आणि आपल्याकडची खुज्जुत्तरा? कोसंबीच्या राणी सामावतीची दासी. तिच्या नावातच कूबड आहे. राणीच्या महालात धम्म पोहोचवला तो तिने, आणि बहुश्रुत उपासिकांत भगवान बुद्धांनी तिला पहिले स्थान दिले. १०० मीटर ९.५८ सेकंदांत धावणाऱ्या उसेन बोल्टच्या कण्यालाही असाच बाक आहे, हे त्याने स्वतः सांगितले आहे. हे सगळे आम्ही ताईंना सांगितले. त्या म्हणाल्या, "भाऊ, बोल्टला मुलगी बघायला कोणी येत नाही." यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

मुलीला पट्टा दिला आहे. दिवसाला अठरा तास. ४२ अंशांवर तो पुरेल की नाही, डॉक्टर खात्री देत नाहीत, वर्षभरात ठरेल. मुंबईच्या उकाड्यात आत घामोळे येते, म्हणून ताईंनी पातळ सुती बनियनी शिवल्या आहेत, शिलाई बाहेरच्या बाजूला घेऊन, म्हणजे पट्ट्याखाली टोचत नाही. रुग्णालयातल्या दुसऱ्या एका आईने त्या बघून चार मागवल्या. गणवेशाचा घेर आता त्या डावी-उजवी वेगळे माप घेऊन कापतात.

फोटो बघून आल्या त्याच संध्याकाळी ताईंनी धाकटीलाही वाकून उभे केले होते. ती अकरा वर्षांची. आमच्या पत्नी सोबत होत्या. उजवी बाजू जराशी वर वाटली, दोघींचे एकमत होईना, शेवटी दुसऱ्या दिवशी नेलीच. १४ अंश. पाळी अजून आलेली नाही. डॉक्टरांनी तिच्या कागदावर पुढची तारीख लिहून दिली आहे, नोव्हेंबरातली, आणि ताईंनी ती मशीनच्या वरच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवली आहे.